कंदीलगडाचा वेढा

श्रीगजाननाचे पायी माथा ठेवून, चंदनसार मुलुखी, विरार पूर्व, सुप्रभात सोसायटीचे तिसरे मजल्यावर शके १९२०, बहुधान्यनाम संवत्सरी जो वेढा पडला आणि जो उठला, त्याची साद्यंत हकीकत श्रोतेजनांनी चित्त देऊन ऐकावी. पदरचा मीठमसाला घातला नाही; घातला तो चवीपुरता.

तर राजेश्री प्रल्हादराव, मूळचे कोकणातले, पेशा मुंबईस कारकुनी, मोठे धिराचे पुरुष. आजचे काम आज करू नये हा त्यांचा कुळाचार. दिवाळीस गॅलरीत आकाशकंदील चढविला, तो तुळशीचे लग्न लागताच उतरवावा ऐसा दस्तुर. परंतु तुळशीचे लग्न लागले, मग मार्गशीर्ष गेला, आणि संक्रांत तीळगूळ वाटून गेली, तरी कंदील जागचा हलला नाही. कुटुंब सौभाग्यवती मनोरमाबाई यांनी नित्य हुकूम फर्मावावा, आणि रावांनी "रविवारी बघू" म्हणून तह करावा, ऐसे बारा रविवार धारातीर्थी पडले.

शेवटी रथसप्तमीस, जे दिवशी आदितवारही होता, बाईंनी स्टूल आणून रावांपुढे आदळले आणि वदल्या, "आता काय शिमग्यापर्यंत दिवाळी करताय? चढा!" मग राव स्टुलावर स्वार जाहले, एक हात ग्रिलास, एक कंदिलास, तो काय देखिले? कंदिलाचे झिरमिळ्यांस एक इमला लटकलेला. कोळ्याचे जाळ्याचे सूत, झाडाची सालपटे, बाईंच्या साडीच्या फॉलचा दोरा, ऐसा सरंजाम. बाजूस दिंडीदरवाजा, त्यावरी इवला छज्जा. आणि आत खासा किल्लेदारीण, शिंजीर पक्ष्याची मादी, अंगठ्याएवढी, पोट पिवळे, दाभणासारखी चोच बाहेर काढून रावांकडे ऐसी पाहात होती की, वर्दी न देता आलात कैसे?

रावांचे नेत्री पाणी आले. कोणी म्हणतात पाखराचे मायेने. परंतु खरे ते हे की, बारा रविवारांचे आळसास एकाएकी पुण्याचे रूप आले. म्हणाले, "मनोरमा, मी काय उगाच थांबलो होतो होय?"

"पुरे, उतरा खाली!" म्हणून बाई स्वतः चढल्या, आणि आत डोकावल्या, आणि मग उतरल्या त्या आवाज खाली करूनच. ते दिवसापासून गॅलरीत कपडे वाळत घालणे मना, दार आपटणे मना, आणि रावांनी शिंकावयाचे ते न्हाणीघरात. माघ सरता सरता गडावर दोन पिले जन्मली. बाई तांदूळ निवडता निवडता गुणगुणू लागल्या:

शिंजीर बाळंतीण, नाही माहेर जवळी
वारा हालवी पाळणा, ऊन घालितं रांगोळी

ऐसे सुखाचे दिवस असता सोसायटीचे सेक्रेटरी रामनाथजी यांचे फर्मान फळ्यावर लागले की, इमारतीस पिस्ता रंग देणे आहे, तरी गॅलरीतील समस्त लटकंती हटवावी, न हटविल्यास रंगारी हटवतील. आणि फाल्गुन लागताच बांबूंची परांची उभी राहिली, आणि गनीम मजला चढू लागला. पिलांस पंख नाहीत, गड हलविला तर आई फिरकेल न फिरकेल. तेव्हा रावांस जन्मात प्रथमच आजचे काम आज करणे प्राप्त झाले. चप्पल न घालता तळमजल्यास धावले आणि पिलांची कैफियत मांडली.

रामनाथजी ऐकून हसले. "प्रल्हादराव, दोन वर्षं टाकीच्या नळाला 'रविवारी' सांगताय. आता कंदिलासाठी पाखरू काढलंत?"

राव शपथेवर आले, तरी इतबार बसेना. लांडगा आला रे, ऐसी गत. हिरमुसले होऊन परतले, तो रंगाऱ्याचा डबा दुसऱ्या मजल्यावर खणखणला.

मग मनोरमाबाई पदर खोचून निघाल्या. "भाऊजी, यांच्यावर माझाही विश्वास नाही. पण मी सांगते, घरात बाळंतीण आहे. बाळंतिणीला सव्वा महिना जागची हलवत नाहीत. तुमच्या सुनेला हलवली होतीत?"

आतून रामनाथजींचे कुटुंब बोलले, "कशाला हलवू? अंगण दाखवलं नव्हतं हो तिला!"

घरातूनच फितुरी जाहली, मग रामनाथजींस वर येणे पडले. ते स्टुलावर चढले. आई चारा आणावयास गेली होती. चाहूल लागताच दोन लालबुंद चोची त्यांचेच रोखे उघडल्या. जे पुरुष वार्षिक सभेत दोन घटका बोलत, ते "किती दिवस?" एवढेच कुजबुजून उतरले. तेथेच तह ठरला की, कंदिलाभोवती वीतभर जागा रंगाऱ्यांनी सोडावी, आणि गड रिता होताच तेवढी जागा प्रल्हादरावांनी स्वहस्ते रंगवावी. त्याकामी पिस्ता रंगाचा एक डबा व ब्रश रावांचे हवाली केला. राव दोन दिवस कचेरीची रजा टाकून परांचीसमोर उभे राहिले, आणि रंगाऱ्यांस चहाची रसद पुरवीत "हळू हो, हळू" म्हणत राहिले.

फाल्गुन शुद्ध एकादशीस, सकाळी, पहिले पिलू कपड्यांच्या दोरीवर उतरले. दुसरे दारात अडून बसले. आईने खालचे शेवग्यावरून हाका घातल्या, बाईंनी श्वास धरला, राव पुटपुटले, "रविवारी जाईल," आणि तत्क्षणी ते उडाले. सव्वा महिना भरण्याआधीच बाळंतीण उठली. रावांनी त्याच दिवशी, कोणी न सांगता, कंदील उतरविला.

येणेप्रमाणे गड राखिला आणि फत्ते जाहली. हल्ली इमारत अवघी पिस्ता रंगाची, परंतु तिसरे मजल्यावर वीतभर जुना पिवळा तुकडा शाबूत आहे, तोच या मोहिमेचा जयस्तंभ. डबा उघडला नाही. एकदा रावांनी ब्रश हाती घेतला होता, तो मनोरमाबाईंनी काढून ठेविला, आणि म्हणाल्या, "राहू दे. तिला पुढच्या वर्षी खूण पटायला हवी. रविवारी बघू."