शेलारमॅडमचं नाक

शेलारमॅडम माणसाला नावानं नाही, वासानं ओळखायच्या. इंटर्नशिपच्या पहिल्या सकाळी मी लोणावळ्याहून तळेगावच्या त्या प्रयोगशाळेत पोचले, तर दारातच त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली, नाकानं खोल श्वास ओढला आणि म्हणाल्या, "खोबरेल. जा, धुऊन ये."

धुऊन आले. "आता शिकेकाई." परत गेले.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं म्हणा. उपग्रहाचे भाग तिथल्या लोखंडी चेंबरमध्ये ठेवायचे, आतली हवा उपसायची आणि अंतराळात होतात तसे ते आळीपाळीनं तापवायचे, गोठवायचे. कशाला तेलाचं बोट जरी लागलं असलं, तरी पोकळीत त्याची वाफ होते आणि चाचणी बोंबलते. म्हणून क्रीम बंद, काजळ बंद. माझा जोडीदार ओंकार एकदा गुपचूप चिक्की खाऊन आला. "शेंगदाण्याची आहे," मॅडम लांबूनच म्हणाल्या, "आणि खिशात अजून एक आहे."

मॅडम मूळच्या वडिवळ्याच्या. एरवी बोलणं पुणेरी थाटाचं, पण पारा चढला की गाव बाहेर यायचं. "कुटं हात घालतोयस? तुज्या घरचं कपाट हाय का त्ये?"

शेवटच्या आठवड्यात आमच्या कॉलेजच्या उपग्रहाचं पॅनल चेंबरमध्ये गेलं. आम्ही दोघांनी वर्षभर खपून केलेलं. चेंबर आम्हाला एकच दिवस मिळालं होतं; पॅनल पास झालं नाही, तर रॉकेटवर आमच्या उपग्रहाच्या जागी दुसऱ्या कॉलेजचा बसणार होता.

आणि आतला दाब काही उतरेना! मॅडमनी चेंबर उघडायला लावलं आणि झडती सुरू केली. ओंकारचे हात हुंगले, माझी वेणी हुंगली, वॉचमनकाकांनाही सोडलं नाही. "कुनी काय लावलंय, आत्ताच बोला!" मग पॅनल उचलून मागची बाजू नाकाशी नेली.

मागच्या कोपऱ्यात काजळाचा ठिपका होता.

"मॅडम, आम्ही नाही!" ओंकार रडकुंडीला आला.

"म्हाईत हाय. मीच लावलाय." त्या कानापर्यंत लाल झाल्या होत्या. "घरी धरलेलं काजळ. तूप जरा जास्त झालं."

"पण कशाला?"

"एवढं लांब चाललंय लेकरू. तसंच कसं पाठवायचं?"

हसू येत होतं, पण हसायची हिंमत कुणाची? त्यांनी स्वतः पॅनल पुसलं, दुसऱ्या दिवशी चेंबर ज्यांना द्यायचं होतं त्यांना फोन लावला, "चूक माझी आहे" म्हणून सांगितलं आणि एक दिवस मागून घेतला. पॅनल पास झालं.

नोकरीसाठी बंगळुरूला निघताना मी निरोप घ्यायला गेले. मॅडमनी पर्समधून चांदीची डबी काढली. भाचीसाठी म्हणून दर दिवाळीला त्या काजळ धरायच्या. भाची आता कॅनडात, आणि "मावशी, पाठवू नकोस गं, इथे कोण लावतं," असं म्हणते. तरी यांचं धरणं चालूच.

"इकडे ये जरा," त्या म्हणाल्या.

मी केस बाजूला केले. तीट लावून झाली, तरी त्यांचं बोट माझ्या कानामागेच राहिलं. मीही हलले नाही.