चौथ्या सिटिंगचा खुनी

"डॉक्टर, रूट कॅनॉलच करून टाका," निवृत्त पोस्टमास्तर खुर्चीत आडवे होता होता म्हणाले.

धाकट्या डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, आरसा आत घातला आणि एकेक दात ठोकून पाहिला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात ठणठणीत होते. या वयात इतके चांगले दात ठेवल्याबद्दल खरं तर पोस्टमास्तरांचा सत्कार व्हायला हवा होता.

"काका, दुखतंय कुठे?"

"तुम्ही म्हणाल तिथे."

"कीड नाहीये कुठेच. नुसतं क्लीनिंग करू, वीस मिनिटांत मोकळे."

पोस्टमास्तरांचा चेहरा पडला. "क्लीनिंगला सिटिंग किती?"

"एक."

"आणि रूट कॅनॉलला?"

"चार."

"मग बघा ना एखादी दाढ," पोस्टमास्तर अजिजीने म्हणाले. "मागची चालेल. तिचा मला तसा काही उपयोग नाही."

डॉक्टरांनी त्यांना समजावून, क्लीनिंग करून, हात धरून बाहेर पाठवलं आणि ते स्वतः त्याच खुर्चीत बसले. त्यांचं डोकं चालेनासं झालं होतं.

गेल्या सहा महिन्यांत असं बरंच काही घडत होतं. एरवी रूट कॅनॉलच्या पहिल्या सिटिंगला ठणका थांबतो आणि ठणका थांबला की पेशंट यायचाही थांबतो. मग फोन करावे लागतात. फोनवर कळतं की पेशंट परगावी गेला आहे, आणि हे बहुतेक वेळा पेशंट स्वतःच सांगतो. पण सहा महिन्यांत एकही पेशंट अर्ध्यातून पळाला नव्हता. उलट पुढची तारीख जवळची द्या म्हणून लोक मागे लागत होते. पूर्वी दोन दोन महिने तोंड न दाखवणारी माणसं आता दहा मिनिटं आधी येत होती.

खूप विचार करून डॉक्टर एकाच निष्कर्षाला आले होते. आपला हात हलका झाला आहे.

या हाताची एक दुखरी गोष्ट होती. दवाखाना मूळचा त्यांच्या वडिलांचा. सगळे त्यांना मोठे डॉक्टर म्हणत, आणि त्यामुळे मुलगा पस्तिशीला टेकला तरी धाकटे डॉक्टरच राहिला होता. अकरा वर्षांपूर्वी मुलाने पहिलंवहिलं फिलिंग केलं ते वडिलांच्याच दातात. मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले, चूळ भरली आणि म्हणाले, "हात जड आहे तुझा." त्यानंतर मुलापुढे त्यांनी तोंड उघडलं ते फक्त जेवताना. मोठे डॉक्टर तसे वाईट नव्हते, नुसते उतावळे होते. पत्र आलं तरी आधी खालची सही बघणार, मग मजकूर. मुलाचा हात सुधारेपर्यंत थांबायला त्यांना सवड नव्हती.

तर आता हात हलका झाला होता, आणि हे बाबांना कसं कळेल याच विचारात धाकटे डॉक्टर होते. फक्त काही गोष्टी त्या हिशेबात बसत नव्हत्या. गणिताच्या बाईंचं बघा. त्यांचं रूट कॅनॉल खरंखुरं होतं, तिसरी सिटिंग चालू होती. तोंडातला कापूस निघाल्याबरोबर त्या म्हणाल्या, "पुतण्या नाही, डॉक्टर. त्याला डाव्या हाताने गाठ मारता येत नाही."

"कोणाच्या पुतण्याला?"

"म्हणजे तुम्ही वाचलं नाहीये? मग राहू दे. तुमची मजा जाईल."

पेशंट जे सांगेल ते केसपेपरवर लिहायचं अशी डॉक्टरांची शिस्त होती. त्यांनी 'तक्रार' या रकान्यात लिहिलं: पुतण्या, डावा हात. मग तो कागद ते बराच वेळ बघत बसले.

दवाखाना खाली आणि घर वर. घरातला जिना थेट आतल्या खोलीत उतरायचा, त्यामुळे बाहेरच्या खोलीत काय चालतं हे डॉक्टरांना कधी दिसतच नसे. तिथला कारभार रिसेप्शनच्या ताईंकडे होता. ताई पूर्वी एका वाचनालयात होत्या. ते बंद पडल्यावर सहा महिन्यांपूर्वी त्या इथे लागल्या. शांत, नीटनेटक्या. त्यांच्याबद्दल कधी तक्रार नव्हती.

त्या दिवशी दुपारी जेवताना मोठे डॉक्टर म्हणाले, "बाहेर लोक बोलायला लागलेत. चांगले दात घेऊन माणसं तुझ्याकडे रूट कॅनॉल मागायला येतात म्हणे."

"मी करत नाही, बाबा. परत पाठवतो."

"ते ठीक आहे. पण मागतात का?"

हात, असं उत्तर डॉक्टरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्यांनी घासाबरोबर गिळलं.

"माझी उजवीकडची दाढ चार दिवस ठणकतेय," मोठे डॉक्टर ताटाकडे बघत म्हणाले. "उद्या येतो खाली. पुढच्या दाराने येईन, नंबर लावून. बघू तरी काय प्रकार आहे."

धाकट्या डॉक्टरांचा घास हातातच राहिला. अकरा वर्षांनी बाबा तोंड उघडणार होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळपासून तीनदा हात धुतले. हत्यारं दोनदा मांडली. मग बेल दाबली. कोणी आलं नाही. पुन्हा दाबली. तिसऱ्यांदा दाबूनही कोणी येईना, तेव्हा त्यांनी स्वतःच बाहेरचं दार उघडलं.

बाहेर आठ माणसं बसली होती आणि आवाज फक्त पानं उलटण्याचा होता. प्रत्येकाच्या हातात खाकी कव्हर घातलेलं एक पातळ पुस्तक होतं.

"तुमचा नंबर आहे," गणिताच्या बाई वर न बघता शेजाऱ्याला म्हणाल्या.

"तुम्ही जा ना. माझी तीन पानं राहिलीत."

"माझा तर आत्ता वकील खोटं बोलायला लागलाय. मी नाही उठणार."

काल क्लीनिंग झालेले पोस्टमास्तर कोपऱ्यात होते. ते एका अनोळखी बाईंना हलक्या आवाजात सल्ला देत होते. "पहिल्यांदाच आलात ना? मग बंगल्यातला खून मागा. बर्फातला नको, तो नवशिक्याला जड जातो. पण फिलिंगवर समाधान मानू नका हां, फिलिंगला दोनच भाग मिळतात."

ताई पाण्याच्या बाटल्या भरायला मागच्या नळावर गेल्या होत्या. त्यांच्या टेबलाला लागून, जिथे पूर्वी एक्स-रे ठेवायचे त्या खणापाशी, मोठे डॉक्टर चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. त्यांच्याही हातात खाकी पुस्तक होतं. मुलाला बघताच त्यांनी ते मिटलं.

ताई परत आल्यावर डॉक्टरांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"ताई, हे काय आहे?"

"रहस्यकथा," ताई म्हणाल्या. "वाचनालय बंद झालं तेव्हा सगळ्या रद्दीत चालल्या होत्या. बाइंडिंग गेलेलंच होतं, म्हणून मी शिवण उसवून भाग पाडले. तुम्हीच नाही का म्हणाला होतात, पेशंट सिटिंग पूर्ण करत नाहीत म्हणून? क्लीनिंगला पहिला भाग. फिलिंगला दोन. रूट कॅनॉलला चार, आणि शेवटचा कॅप बसल्यावरच. खुनी कळायचा तर कॅप बसवावी लागते. पुस्तक घरी न्यायचं नाही."

"म्हणजे लोक... माझ्या हातासाठी नाही येत?"

"हाताचं मला काय माहीत, डॉक्टर? माझे दात चांगले आहेत."

धाकट्या डॉक्टरांना वाईट वाटलं, आणि ते चेहऱ्यावर दिसलं. सहा महिने ज्या हाताकडे ते मधूनच कौतुकाने बघत होते, तो त्यांनी खिशात घातला.

"सगळ्यांना शेवटचा भाग देऊन टाका," ते म्हणाले. "आजच. ज्याचं जे पुस्तक असेल त्याचं. कोणी खुन्यासाठी माझ्याकडे दात कोरून घ्यायला नको."

"मग कोणी येणार नाही."

"नको येऊ दे."

त्यानंतर त्यांनी बाबांची दाढ उघडली. मधेच मोठे डॉक्टर "हं" म्हणाले. ते दुखलं म्हणून की मत म्हणून, हे धाकट्या डॉक्टरांना कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. बाहेर ताई प्रत्येकाचं नाव घेऊन शेवटचे भाग वाटत होत्या.

बाहेरची खोली रिकामी होईल असं डॉक्टरांना वाटलं होतं. झालं उलटंच. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडायच्या आधी बाहेर माणसं उभी होती, आणि या वेळी ती गप्प नव्हती.

"डॉक्टर, माझ्या पुस्तकात कारखान्याचा मालक मरतो," पोस्टमास्तर केसपेपरशिवायच आत घुसले. "पहिला भाग मी तीनदा वाचला. पुढचे मिळावेत म्हणून चांगली दाढ तुमच्यापुढे केली. आणि शेवटी पोलीस धरतात कोणाला, तर एका बोटीच्या कप्तानाला. अख्ख्या पहिल्या भागात पाण्याचा थेंब नाही. बोट आली कुठून?"

"माझ्याकडे बोट आहे," मागून ड्रायव्हिंग स्कूलचे सर म्हणाले, "पण कप्तान सुटला. बर्फात एक आंधळी मावशी कबुली देते आणि पुस्तक संपतं. ही मावशी कोणाची?"

"मावशी माझी," अनोळखी बाई दारातून म्हणाल्या. "मी बर्फातलाच मागितला होता."

डॉक्टर एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यातल्या एकाही तोंडात त्यांना आता काही काम नव्हतं.

भाग उलटसुलट झाले होते एवढं उघड होतं. पण कसे, ते कळेना. डॉक्टरांनी ताईंना विचारलं. ताईंच्या कपाळाला आठी पडली. "बावीस वर्षांत माझ्या हातून एक पुस्तक चुकीच्या खणात गेलं नाही. कव्हरवरचं नाव बघूनच दिलंय मी." त्यांना वाटत होतं खण डॉक्टरांनीच उचकला. डॉक्टर तर त्या खणाला हात लावत नसत. दोघं आठवडाभर एकमेकांशी कामापुरतं बोलले.

गणिताच्या बाईंनी मात्र सगळ्यांवर मात केली. त्यांना स्वतःच्या पुस्तकाला जोडून दुसऱ्याच कुठल्या पुस्तकातला माळी खुनी म्हणून मिळाला होता. चार दिवस विचार करून त्या आल्या, उभ्यानेच म्हणाल्या, "माळीच बरोबर आहे. सिद्ध होतं." आणि केसपेपरच्या मागे त्यांनी ते पायरीपायरीने सिद्ध करून दाखवलं.

"पण बाई, माळी पहिल्या तीन भागांत आलाच नाही," पोस्टमास्तर म्हणाले.

"तेच तर. न आलेल्या माणसाला साक्षीदार कुठून असणार? अहो, हे साधं रहस्य नाही, साहित्यिक रहस्य आहे. साध्या रहस्यात खुनी आपल्या ओळखीचा निघतो. साहित्यिक रहस्यात शेवटी कळतं, की आपण कोणालाच ओळखत नव्हतो."

"आता मला कप्तान पटायला लागला," पोस्टमास्तर हळूच म्हणाले. ड्रायव्हिंगचे सर म्हणाले, "मावशीसाठी मी रडलो, खोटं कशाला बोलू." त्यानंतर कोणी खरा शेवट परत मागायला तयार होईना. जो तो आपापलं चुकीचं पुस्तक दुसऱ्याला वाचायला सुचवू लागला. बाहेर रोज बैठक भरायची, हिरिरीने वाद व्हायचे आणि संध्याकाळी सगळे आपापले दात घेऊन घरी जायचे.

आत खुर्ची रिकामी असायची. दिलेल्या वेळेला ठरल्याप्रमाणे येत होता एकच पेशंट. मोठे डॉक्टर दुसऱ्या सिटिंगला आले. तिसऱ्या सिटिंगला आले, आणि ड्रिल चालू असताना त्यांना चक्क डुलकी लागली. चौथा भाग त्यांना अजून मिळालेला नाही, म्हणून येत असणार, असं धाकट्या डॉक्टरांनी मनाशी धरलं होतं. दुसरं काही धरायची त्यांची आता तयारी नव्हती.

चौथ्या सिटिंगला कॅप बसली. मोठ्या डॉक्टरांनी दात एकमेकांवर आपटून पाहिले.

"झालं, बाबा," धाकटे डॉक्टर म्हणाले. "जाताना ताईंकडून शेवटचा भाग घ्या. तुमच्यासाठी बाजूला ठेवायला सांगितलाय."

"तो मी पहिल्याच दिवशी वाचला."

"कसा?"

"खणातून काढून. तुझ्या ताई पाणी भरायला गेल्या होत्या. शेवट कळल्याशिवाय मला पुढचं वाचवत नाही, तुला माहितेय. सगळेच बघितले, चारपाच. आवाज आला म्हणून घाईघाईत परत कव्हरांत कोंबले. कुठलं कुठे गेलं देव जाणे."

बाहेर कप्तानाची बाजू घेऊन पोस्टमास्तर तावातावाने बोलत होते. आत धाकटे डॉक्टर हातात आरसा धरून उभे होते. आठवडाभर न सुटलेलं कोडं सुटलं होतं, पण त्याच्या जागी लगेच दुसरं येऊन बसलं होतं.

"खुनी पहिल्या दिवशी कळला," ते हळूहळू म्हणाले, "आणि ठणका पण पहिल्याच दिवशी थांबला असेल."

"थांबला ना."

"मग पुढच्या तीन वेळा कशाला आलात?"

मोठे डॉक्टर खुर्चीतून उतरले. नेहमीच्या सवयीने त्यांनी दिवा स्वतःच मालवला, चूळ भरली, तोंड पुसलं. मग गालात बोट घालून त्यांनी डावीकडची खालची दाढ दाखवली.

"इथे अकरा वर्षांपूर्वी एकाने फिलिंग केलंय. जड हाताचा होता. अजून हललेलं नाही." ते दारापाशी गेले. "तरी सोमवारी एकदा बघून घे. मी येतो."

ते बाहेर गेले. बाहेर त्यांनी ताईंची माफी मागितल्याचं ऐकू आलं, आणि त्यानंतर ताईंचा बऱ्याच दिवसांनी मोकळा झालेला आवाज.

धाकट्या डॉक्टरांनी सोमवारचा केसपेपर पुढे ओढला. वर वडिलांचं नाव घातलं. पेन 'तक्रार' या रकान्यापाशी आलं. मग त्यांनी लिहिलं: काही नाही.