बावीस किलोमीटरची सोपी वाट

"माझी वाट चुकली, तर मी जन्मात पुन्हा नकाशाला हात लावणार नाही!"

नकाशेकाका असं म्हणाले आणि सायकल मंडळाच्या बैठकीतले सगळे दचकले. वाक्यात भीतीदायक काही नव्हतं. पण नकाशेकाकांचं वाक्य पूर्ण झालेलं आजवर कोणी ऐकलंच नव्हतं! काका निवृत्त ग्रंथपाल. पस्तीस वर्षं वाचनालयात हळू बोलायची सवय, त्यात स्वभाव भिडस्त. "म्हणजे... माझं आपलं असं म्हणणं..." इथपर्यंत ते पोचायचे, तोवर ऐकणारा घरी जाऊन, जेवून, हात पुसत परत आलेला असायचा.

पण आज प्रश्न त्यांच्या पुस्तकाचा होता. तीन वर्षं खपून त्यांनी 'गावाभोवतीच्या खडीच्या वाटा' हे पुस्तक लिहिलं होतं. डांबर सोडून, खडी आणि मुरमावरून सायकलने फिरण्याच्या बारा वाटा. प्रत्येक वाट त्यांनी तुकड्यातुकड्याने चालून पाहिली होती. अंतरं मात्र घरच्या टेबलावर मोजली होती. वाचनालयातल्या जुन्या नकाशाची नक्कल पसरायची, वाटेच्या प्रत्येक वळणावर दोरा लावत जायचा, मग तो उचलून पट्टीवर धरायचा. दोराही त्यांनी खास निवडला होता. बायकोच्या शिवणाच्या डब्यातला, पांढरा, गुळगुळीत. वळणाला असा घट्ट बसायचा की काय सांगावं!

छापखान्याचे मालक मंडळाचेच सभासद. त्यांनी अट घातली. "काका, पहिली वाट आपण सगळे करून पाहू. लिहिल्याप्रमाणे निघाली तर पुस्तक माझ्या खर्चाने छापतो. नाहीतर हे कागद मी बाइंडिंगच्या पुठ्ठ्यात घालीन."

म्हणून ती गर्जना.

रविवारी सकाळी सहा वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांपाशी सातजण जमले. मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते, पण काळजी करायचे गुडघ्यांची. पंचवीस किलोमीटरच्या वर सायकल चालवायची नाही, हा नियम त्यांचाच. शाळेत पीटी शिकवणाऱ्या बाई गळ्यात शिट्टी घालून आल्या होत्या. काका आपली काळी, बास्केटवाली सायकल घेऊन आले. अंगात नवी पँट होती. शिंप्यासमोर हात वर करून उभं राहायची त्यांना लाज वाटे, म्हणून मापंसुद्धा त्यांनी घरीच, त्याच दोऱ्याने घेतली होती. पँट अशी घट्ट झाली होती, की काकांना श्वास हप्त्याहप्त्याने घ्यावा लागत होता!

"वाट क्रमांक एक," त्यांनी कागद वाचला. "बावीस किलोमीटर. सोपी."

"साडेआठला परत!" डॉक्टर म्हणाले. "पोहे परत आल्यावरच."

बाईंनी शिट्टी फुंकली.

कालव्याच्या काठाने मजा होती. चाकांखाली बारीक खडी कुरकुरत होती, पाण्यावर ऊन नुकतंच उतरलं होतं, बगळे उडत होते. छापखानेवाले चक्क गात होते. पण कालवा काही संपेना.

"काका, कालवा चार किलोमीटरवर संपतो ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो."

"माझं मीटर साडेसात दाखवतंय."

हँडलवरचं ते मीटर नवंकोरं होतं. छापखानेवाल्यांनी त्याच्याकडे तुच्छतेने पाहिलं.

"मीटर बिघडलंय. कागदावर चार लिहिलंय!"

"अहो, पण अजून छापलंय कुठे?"

"टाइप तर झालंय!"

या युक्तिवादापुढे विज्ञान हरलं. पुढे खाणीचा चढ लागला. चढ कसला, भिंतच ती, फक्त जरा रेललेली! सायकली ढकलत सगळे वर पोचले. तिथे मेंढरांचा कळप आडवा आला आणि मेंढपाळाने पाव तास सगळ्यांना न्याहाळून विचारलं, "कोणी मागं लागलंय का?"

वाटेच्या मध्यावर दगडी पाण्याची टाकी होती. कागदाप्रमाणे अकरा किलोमीटर. मीटरप्रमाणे साडेवीस. सगळे टाकीभोवती धुतलेल्या कपड्यांसारखे पसरले. काका पाणी प्यायला वाकले आणि पँटचं बटण बंदुकीच्या गोळीसारखं उडून टाकीत पडलं!

कोणी पाहिलं नाही. काकांनी घाईघाईने खिशातला तोच मोजणीचा दोरा काढला, काजातून ओवला आणि गाठ मारण्यासाठी ओढला. तो लांबला. आणखी ओढला. आणखी लांबला. मग हातातून सुटला आणि सट्कन नाकावर बसला.

काकांनी दोरा डोळ्यांजवळ धरला. इलॅस्टिक! नातीच्या फ्रॉकच्या चुण्यांसाठी आणलेला इलॅस्टिकचा दोरा! नकाशावर लावताना ताणलेला, पट्टीवर धरताना आकसलेला. मीटर ठणठणीत होतं. अजून अकरा नाही, साडेवीस किलोमीटर उरले होते. काकांनी त्याच दोऱ्याची कशीबशी गाठ मारली.

"म्हणजे... माझं आपलं असं..." काकांनी सुरुवात केली.

"काका, बोलू नका, दम राखा!" बाई म्हणाल्या. "अर्धं संपलं! आता फक्त अकरा! चला!" आणि शिट्टी.

गोल वाट, त्यामुळे परत फिरूनही उपयोग नव्हता. पुढे छापखानेवाल्यांचं चाक पंक्चर झालं. काका पुन्हा म्हणाले, "म्हणजे..." तेवढ्यात पंप सापडला. रूळ उखडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर त्यांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तर समोर उतार! खडीची लांबच लांब सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना गवत आणि सातजण वाऱ्यासारखे सुटले. डॉक्टर गुडघे विसरून दोन्ही हात सोडून ओरडत होते. त्या गोंगाटात कबुली कोण ऐकणार? खरं सांगायचं तर काकाही ओरडत होते.

वाचनालयासमोरच्या चहाच्या दुकानात ते पोचले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. दुकानाच्या भिंतीवर शेजारच्या गावच्या सायकल मंडळाचा फोटो होता. 'विक्रम! खडीवरून चाळीस किलोमीटर.' आणि त्या फोटोखाली, दर रविवारप्रमाणे, त्या मंडळाचा मिशीवाला कप्तान स्वतः चहा पीत बसला होता. आपल्याच फोटोखाली चहा पिण्यासाठी हा माणूस शेजारच्या गावाहून यायचा!

"काय डॉक्टर," चहावाल्याकडून सगळा बेत ऐकून बसलेला तो म्हणाला, "बावीस किलोमीटरला सहा तास? सायकली खांद्यावरून आणल्यात वाटतं!"

"मीटर तर एक्केचाळीस दाखवतंय," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "पण बिघडलंय हो ते."

कप्तान इतका हसला की मिशीतून चहा ठिबकला. "पुढच्या वेळी माझ्या आजीला सोबत न्या. ती ढकलेल तुम्हाला!"

बाईंचा चेहरा पडला. काकांना ते पाहवेना. मीटर खरं म्हटलं तर मंडळाचा विक्रम. पण मग पुस्तकातली बाराही अंतरं खोटी, छपाई गेली, तीन वर्षं पुठ्ठ्यात! गप्प बसलं तर पुस्तक आपलं. काका उठले, बसले, पुन्हा उठले.

"मीटर बरोबर आहे!" ते ओरडले. "बावीस चूक आहे! मी मोजलेलं चूक आहे!"

त्या गर्जनेनंतर ही त्यांची आणखी तीन पूर्ण वाक्यं, तीही एका दमात!

"पुरावा?" कप्तानाने मिशी पुसत विचारलं.

पुरावा पँटला होता. काकांनी एका हाताने कंबर धरली, दुसऱ्या हाताने गाठ सोडली आणि दोरा कप्तानाच्या हाती दिला. "ओढा."

कप्तानाने ओढला आणि सोडला. त्याच्याही नाकावर सट्कन बसला. मग बाईंनी शिट्टीची दोरी काढली, टेबलावर काकांच्या बास्केटमधला नकाशा पसरला. कप्तानाने स्वतः दोनदा मोजलं. दोन्ही वेळा एक्केचाळीस!

दुकानात एकच जल्लोष झाला. डॉक्टरांनी खुर्चीवर चढून तो फोटो उतरवला. पंचवीसचा नियम त्यांनी चढता चढता रद्द केला. काकांना उचलून घ्यायचा बेत होता, पण त्यांनी पँट घट्ट धरून कळवळून नकार दिला.

"म्हणजे बाराही अंतरं चुकली?" छापखानेवाल्यांनी विचारलं.

"बाराही," काका पुटपुटले. "आता मी नकाशाला हात..."

"का म्हणून?" बाई कडाडल्या. "तुम्ही म्हणालात वाट चुकली तर! वाट कुठे चुकली? अंतर चुकलं!"

"पुस्तक छापणार," छापखानेवाले म्हणाले. "पण काका, खरी अंतरं शेवटच्या पानावर टाकू. पहिल्याच पानावर एक्केचाळीस वाचलं असतं, तर मी आज अंथरुणातच असतो, आणि तो उतार माझ्या नशिबात नसता!"

काका घरी परतले ते जग जिंकून. बायकोला सगळं इत्थंभूत सांगितलं आणि शेवटी विजयाने म्हणाले, "आणि अगं, आणखी एक उलगडा झाला! मला वाटत होतं मी जाडा झालोय. तर तसं नाहीच! कंबरसुद्धा मी त्याच दोऱ्याने मोजली होती ना! म्हणून पँट घट्ट!"

बायकोने शिवणाच्या डब्याचं झाकण लावलं.

"अहो, तुमचं ते मापाचं चिठोरं मी तेव्हाच फाडून टाकलं. शिंप्याला मी टेपने मोजून मापं दिली होती, तुमच्या जुन्या पँटवरून. आणि वर चार बोटं वाढवून!"