नस कुठवर आली?

पुसेगावात लग्नाला कुणी डॉक्टर पाहुणा आला, की गंगाधरमामा पंगतीतच त्याच्यासमोर जाऊन उभे राहतात आणि विचारतात, "डॉक्टरसाहेब, नस कुठवर आली?" पाहुण्याची जिलबी हातातच राहते.

मामा विजेच्या खात्यातले निवृत्त लाइनमन. शिक्षण सातवी. आठ वर्षांपूर्वी कमलमामी मिरच्या वाळत घालताना गच्चीवरून खाली पडल्या. मणक्यातली नस तुटली आणि कमरेखालचं सगळं गेलं. तेव्हापासून मणक्यावर जगात कुठं काय संशोधन चाललंय, याची खबर मामांना असते. मोबाइलवर इंग्रजी लेख शोधायचे, हिंगोलीला जाऊन छापून आणायचे, आणि दर रविवारी मी, हायस्कूलचा इंग्रजीचा मास्तर, ते मामींच्या खाटेजवळ बसून मराठीत सांगायचे, असा नेम.

पहिल्याच लेखाला मी अडकलो. तुटलेल्या नसेच्या फटीत मऊ जेलीसारख्या पदार्थाचा बारीक सांगाडा बसवतात. नसेचे तंतू त्याच्या आधारानं वाढत पलीकडं जातात, मग सांगाडा विरघळून जातो. हे सोपं करून कसं सांगावं? मामांनीच मला सोडवलं.

"खांब आधी, तार मागून! खांबच न्हाई तर तार जाईल कुठं? जाग्यावरच गुतून पडंल. फरक एवढाच, सर, हितली तार सोताच्या पायानं चालत जाते."

मामींना मात्र प्रयोगातल्या उंदरांचं कौतुक. मागचे पाय ओढणारा एक उंदीर चार पावलं चालला, असं मी वाचलं, तर म्हणाल्या, "त्याच्याबी मागं यांच्यासारखं कोनी लागलं असंल."

मागच्या रविवारी मामांनी मला फाटकातच थांबवलं. कागदावरच्या शेवटच्या चार ओळींवर बोट ठेवलं.

"हे तिच्यासमोर वाचू नका."

मी पाहिलं. जुन्या दुखापतीत आत व्रण धरलेला असतो, तिथं याचा उपयोग अजून दिसलेला नाही, असं लिहिलं होतं.

"मामा, तुम्हाला हे कसं कळलं?"

"नांदेडच्या एका डॉक्टरनं सांगितलं व्हतं. दोन वर्सं झाली. जुन्या दुखापतीचा इंग्रजी शब्दबी त्यानंच लिहून दिला, तेवढा वळखतो."

दोन वर्षं! "मग इतके रविवार कशासाठी, मामा?"

"कोनाच्या तरी लेकराला उपेगी पडंलच की." त्यांनी आवाज खाली आणला. "पडल्यापासून तिनं माह्याकडं काही मागितलं न्हाई, सर. तहान लागली तरी गप बसते. फक्त रविवारी सकाळी म्हन्ते, चांगलं लुगडं नेसवा, केस विंचरा, सर येऊन राहिले."

मी आत गेलो. मामी उशीला टेकून बसल्या होत्या. हिरवं लुगडं, तेल लावून विंचरलेले केस. भांग तेवढा जरा वाकडा पडला होता. मी खुर्ची ओढली आणि कागद उघडला.