एकाच दिवसाची हजेरी

गर्दी जमवावी तर मीच. आमच्या आयडाहोतल्या खोऱ्यात हे कुणीही सांगेल. आजोबांच्या मयतीला चार माणसं यावीत म्हणून मी डुकरांची शर्यत ठेवली होती, आणि पलीकडच्या काउंटीतले लोक रडायला आले होते. त्यामुळे सरकारने आमच्या चार्टर शाळेला निवड करायला सांगितली, तेव्हा मला विचार करायची गरजच वाटली नाही.

ही शाळा गावाने काढलेली. पैसा सरकारचा, कारभार आमच्या मंडळाचा. दर पोरामागे पैसे मिळतात. पण पोरं मोजायची कशी, हे यंदा शाळेनेच ठरवायचं होतं. एक तर वर्षभराच्या हजेरीची सरासरी. नाहीतर ऑक्टोबरमधल्या एका ठरलेल्या दिवशी जेवढी पोरं हजर, तेवढी. एकदा निवडलं की पाच वर्षं बदल नाही. आणि पैसे कमी पडले, तर पहिली कुऱ्हाड बँड शिकवणाऱ्या ओपलबाईंवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रॅक्टरखेरीज दुसरं वाद्य न ऐकलेल्या गावाला या बाईंनी ट्रॉम्बोन शिकवला होता.

"सरासरी घेऊ," मुख्याध्यापिका मार्जीन म्हणाली. "आपली पोरं दांडी मारत नाहीत. घरी राहिलं की बाप गोठा साफ करायला लावतो."

"अगं, वर्षभर कोण राखण करणार?" मी म्हणालो. "गोवर येतो, बर्फ पडतं, बस बंद पडते. एक दिवस माझ्या हवाली कर. आजारी पोरंसुद्धा खाटेसकट आणतो."

"आणि बटाटे?"

"बटाट्याची सुट्टी तोवर संपलेली असते, बाई."

आमच्याकडे बटाटे काढायला शाळेला दोन आठवडे सुट्टी असते. मंडळाने माझ्या बाजूने हात वर केले. ओपलबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना नवा तुतारीसंचच दिला होता.

मग पाऊस लागला. अख्खी सुट्टी पडला. बटाटेवाल्या डेल्विनचा ट्रॅक्टर इतका रुतला की वर नुसती त्याची टोपी दिसत होती, आणि टोपीखालून तो गियर बदलत असल्याचा आवाज येत होता. सुट्टी संपली, बटाटे जमिनीतच. मोजणीच्या आदल्या दिवशी आभाळ उघडलं, आणि रेडिओने सांगितलं की कडक थंडी येतेय. जमीन गोठायच्या आत बटाटा निघाला नाही, तर वर्ष गेलं. खोऱ्यातलं चालतं-बोलतं सगळं शेतात उतरलं.

मोजणीच्या सकाळी मी शाळेच्या अंगणात ॲपल-पायच्या थाळ्या मांडून, डुकरं धुऊन उभा होतो. पोरं आली तीन: दंतवैद्याच्या जुळ्या मुली आणि पाय मोडलेला एक. डुकरं पोरांपेक्षा जास्त होती.

"राजधानीतून मोजणीचे साहेब निघालेत," मार्जीन म्हणाली. "व्हर्ल, डुकरांना पहिलीत घालू की दुसरीत?"

ओपलबाई शांतपणे एकेक वाद्य पुसून पेटीत ठेवत होत्या. ते मात्र मला बघवेना.

"मार्जीन, नियमात हजर म्हणजे काय लिहिलंय?"

"शिक्षकाच्या नजरेखाली, तास चालू असताना."

"शाळेच्या आवारात असं लिहिलंय?"

"नाही." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. "व्हर्ल, नको."

तोवर मी ट्यूबा नावाचा भलामोठा भोंगा ट्रकमध्ये चढवला होता.

डेल्विनच्या शेतात सगळी शाळा बटाटे काढायच्या यंत्रावर उभी होती, पट्ट्यावरून ढेकळं वेचून फेकत. ओपलबाई ट्रकच्या टपावर चढल्या आणि त्यांनी ताल द्यायची काठी उगारली. पोरं एका हाताने ढेकूळ फेकायची, दुसऱ्या हाताने तुतारी धरायची. ट्यूबाच्या तोंडात इतके बटाटे पडले की सूर लागला तेव्हा ते तोफगोळ्यांसारखे सुटले, आणि एकाने साहेबांची हॅट उडवली. साहेब आले होते, हे आम्हाला असं कळलं.

"ही शाळा आहे?" साहेबांनी विचारलं. त्यांचा एक बूट चिखलात राहिला होता.

"संगीताचा तास," मार्जीन ताठ मानेने म्हणाली.

"यंत्र थांबवा, मोजायचंय."

"यंत्र थांबणार नाही," डेल्विन वरून ओरडला. "मोजायचंय तर चढा."

साहेब चढले. तिथे रिकाम्या हाताने उभं राहायची सोयच नसते. त्यांनी पोरं मोजता मोजता ढेकळंही फेकली. शेवटी चिखलाने माखलेल्या बोटांनी सही करताना म्हणाले, "तीन पोरं कमी आहेत."

"ती शाळेत आहेत," मी म्हणालो. "डुकरं सांभाळतायत."

ओपलबाई राहिल्या. मी महिनाभर छाती काढून फिरलो. मग मंडळाची बैठक झाली.

"व्हर्ल, सहज सांगते," मार्जीन म्हणाली. "काढणीचे ते दोन दिवस सोडले तर यंदा एकही दांडी नाही. सरासरी घेतली असती तर आपण घरबसल्या सुटलो असतो."

"गेलं ते गेलं. अजून चार वर्षं आहेत ना."

"हो. पुढच्या वर्षीच्या मोजणीची तारीख आलीय. एल्क हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस."

त्या दिवशी आमच्याकडे पाद्रीसुद्धा जंगलात असतो. शाळा तिकडे नेता येईल हो, ते माझ्यावर सोडा. पण ट्रॉम्बोन वाजला की एल्क कॅनडात पोचेल, आणि मागून सगळे बाप बंदुका घेऊन माझ्याकडे वळतील.

तेव्हापासून ओपलबाई पोरांना वाद्यांत पायमोजे कोंबून वाजवायला शिकवताहेत. परवा मला म्हणाल्या, "व्हर्ल, तुमच्यामुळे बँड वाचला हो. आता फक्त तो कुणाला ऐकू येता कामा नये."