सरासरी साठ टक्के

गणितात माझा हात धरील असा माणूस गोंदियापासून गोरेगावपर्यंत नव्हता. नम्रपणा तूर्त बाजूला ठेवून सांगतोय, कारण पुढे तो भरपूर लागणार आहे.

१९३६ साली मी गोंदियाजवळच्या या गोरेगावकडच्या एका हायस्कुलात गणिताचा मास्तर होतो. शाळेचं नाव सांगत नाही, तिचा बिचारीचा काही दोष नव्हता. दहावीत वीस मुलगे आणि एक मुलगी. मुलग्यांत नऊ शेतकऱ्यांचे, सात व्यापाऱ्यांचे, चार नोकरदारांचे. शेतकऱ्यांचे धान कापून झाल्यावर शाळेत येत, व्यापाऱ्यांचे धान विकून झाल्यावर. नोकरदारांचे रोज येत, पण कशासाठी येतात हे त्यांना परीक्षेतही सांगता आलं नाही. वीसपैकी चार पास झाले. शामकला नावाची ती एकुलती एक मुलगी पहिली आली.

खात्याचा नियम असा होता की दहावीचा निकाल लागोपाठ दोन वर्षं चाळीस टक्क्यांच्या खाली गेला, तर पुढचा मॅट्रिकचा वर्ग बंद. आदल्या वर्षी आम्ही अठरावर होतो. वर्ग बंद झाला असता तर चारही मुलगे भंडाऱ्याला कुणा मामाकडे, काकाकडे राहून शिकले असते. शामकलाचं भंडाऱ्यात कुणी नव्हतं आणि असतं तरी तिच्या बापानं तिला पाठवलं नसतं. तिची शाळा तिथंच संपणार होती. याचं मला मनापासून वाईट वाटत होतं. वर्गाबरोबर माझी नोकरीही जाणार होती, त्याचंही वाटत होतं.

निकालाच्या तक्त्यात टक्केवारीचे तीन रकाने होते: मुलगे, मुली, सरासरी. मी शांतपणे टाक उचलला. मुलगे वीस टक्के. मुली शंभर टक्के. वीस आणि शंभर एकशेवीस, भागिले दोन. सरासरी साठ टक्के.

हेडमास्तरांनी चष्मा पुसला. "असं चालतं?"

"यातला कुठला आकडा खोटा आहे?"

"खोटा नाही."

"मग?"

हेडमास्तरांचा विषय इतिहास होता. त्यांनी सही केली. मुलीला वर्गात बसवू नये म्हणून याच गृहस्थांनी तीन वर्षांपूर्वी मला अर्धा तास समजावलं होतं. आता ते म्हणाले, "स्त्रीशिक्षणाचं महत्त्व मी पहिल्यापासून सांगत आलोय."

जुलैत नागपूरहून पत्र आलं. मुलींचा शंभर टक्के निकाल पाहून खातं भारावलं होतं. शाळा तपासणीस शकुंतलाबाई येत्या गुरुवारी येणार होत्या आणि "मुलींशी हितगुज" करणार होत्या.

"मुली कुठून आणायच्या?" हेडमास्तर म्हणाले.

"एक आहे की."

"ती तरी आहे ना?"

ती नव्हती. सोमवारपासून आली नव्हती. चपराशी दुधरामनं दारातूनच सांगितलं, "ते रोवणीले लागली जी."

आम्ही दोघं तसेच तिच्या बापाच्या शेतावर गेलो. गोवर्धन बांधावर उभा होता. खाली चिखलात बाया वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होत्या आणि त्यांच्यात शामकला होती.

"या जी मास्तर. काऊन आले?"

"शामकला शाळेत का येत नाही?"

"दोन बाया तापानं पडल्या. परे पिवळे पडून राहिले. रोवणी हुकली तं वर्षभर तुमची शाळा खाऊ का?"

"गोवर्धनजी, गुरुवारी मोठ्या बाई येणार आहेत," हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले. "शाळेतल्या मुली बघायला."

"मंग दुसऱ्या पोरी दाखवा."

आम्ही दोघंही ढगांकडे पाहू लागलो.

"एकच हाये का?" गोवर्धन म्हणाला. त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "पोरगी घेऊन जा. तिच्या जाग्यावर माणूस द्या. ते दोघाईचं काम करते, म्हून दोघं या."

गावात सगळ्यांचीच रोवणी चालू होती. रोजानं माणूस मिळेना. शेवटी मी पुन्हा हिशेब मांडला. शामकला एक बांधी, म्हणजे बांध घातलेला धानाचा एक तुकडा, तीन तासांत लावते. आम्ही दोघं, म्हणजे दीड तास. सकाळी सातला सुरुवात केली तर साडेआठला मोकळे. बाई दहाच्या गाडीनं गोंदियाला उतरणार, तिथून छकड्यानं येईपर्यंत एक वाजणार. तोवर आंघोळ करून, कोट चढवून, वर एक डुलकीसुद्धा काढता आली असती.

गुरुवारी बारा वाजता आमची पाव बांधी झाली होती. त्यातली निम्मी रोपं पाण्यावर तरंगत होती. गोवर्धनची बायको धुरपता आमच्यामागून चालत एकेक रोप पुन्हा खोचत होती.

"मास्तर, हे ओळ हाये का?" ती म्हणाली. "पाय काऊन ठेवता परह्यावर?"

हेडमास्तरांचा एक जोडा चिखलात गेला होता. तो शोधायला ते वाकले असतानाच रस्त्यावर मोटार थांबली. गोंदियाच्या कुणा गिरणीवाल्यानं बाईंना आपली मोटार दिली होती. हा रकाना माझ्या हिशेबात नव्हता.

छत्री घेतलेल्या एक बाई बांधापर्यंत आल्या. "हेडमास्तर इथं भेटतील असं चपराशी म्हणाला."

हेडमास्तर सरळ झाले. त्यांच्या हातात जोडा होता. "मीच," ते म्हणाले.

बाईंनी पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी हातातली रोपं पाठीमागे लपवली.

"शाळेत जाऊन आले," त्या म्हणाल्या. "मॅट्रिकच्या वर्गाला एक मुलगी गणित शिकवत होती. छान शिकवते. मी विचारलं, दहावीचा निकाल किती लागला? तिनं फळ्यावर मांडून दाखवलं. एकवीसपैकी पाच. तेवीस पूर्णांक आठ दशांश."

चिखलात मी आणखी थोडा खाली गेलो.

"मी म्हटलं, कागदावर साठ आहे. तर म्हणाली, कागद चुकला असेल बाई, आमचे मास्तर नाही चुकत."

माझी मान वर होईना. इतकी वर्षं शिकवलं, इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"तिला सांगितलं, तेवीस असेल तर तुझा वर्ग बंद होईल. तिनं पास झालेल्यांची नावं पुन्हा मोजली. मग म्हणाली, तरी पाचच."

बाईंनी वर्ग बंद केला नाही. स्वतःच्या अधिकारात एक वर्षाची मुदत दिली, पण एका अटीवर: पुढचा तक्ता त्या मुलीकडून तपासून घ्यायचा. शेराबुकात त्यांनी लिहिलं, "गणिताच्या शिक्षकांचा शेतीकामात अधिक उपयोग होऊ शकेल." हा शेरा मी बाजारात गोवर्धनला वाचून दाखवला, म्हटलं तेवढाच आपल्याला धीर. तो म्हणाला, "बाईले कोनं सांगतलं? सारी बांधी फिरून रोवा लागली."

दुसऱ्या दिवशी शामकलानं मला वर्गाबाहेर गाठलं. "मास्तरजी, कागदात चूक कोनं केली जी?"

"शोधतोय," मी म्हणालो.

पुढच्या उन्हाळ्यात मॅट्रिकचा निकाल लागला. चार मुलग्यांपैकी दोन पास आणि शामकला पास. पाचपैकी तीन. तिनं स्वतः तक्ता भरला आणि दोनदा ताळा करून पाहिला. बरोबर साठ टक्के. मी तो त्याच दिवशी नागपूरला पाठवला.

पंधरा दिवसांत पत्र आलं: "साठ हा आकडा या शाळेकडून पूर्वीही आला होता. गणिताच्या शिक्षकांनी तात्काळ खुलासा करावा."

खुलासा शामकलानं लिहिला. मी सही केली, तीही तिनं तपासून घेतली.