आठ बांबूंचा माणूस

आमच्या शेजारचे गोमाकाका माणसाचं नाव विचारण्याआधी त्याचे बांबू ठरवतात. वैनगंगेकाठच्या पवनीत त्यांचा बांबूचा टाल, म्हणजे वखार आहे. काकू गेल्यापासून तिथं ते एकटेच असतात. समोरच्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचं आणि निकाल द्यायचा. मला पहिल्याच भेटीत म्हणाले, "तू आठाचा हायेस गा." माझ्या बायकोला पाच. तेव्हापासून भात वाढताना ती मला माझा आकडा ऐकवते.

बांबूवाल्यानं असं मोजलं की कोणालाही तिरडीच आठवणार. माझा नवा जावई आईला घेऊन पहिल्यांदा घरी आला, त्याला काकांनी दारातच 'सहाचा' ठरवलं. विहीणबाई चहा तसाच ठेवून उठल्या. त्यांची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले. मोजमाप तिरडीचं नव्हतं, तराफ्याचं होतं. वैनगंगा चढली तर कोणाला तरंगायला किती बांबू लागतील, ते काका मनात धरून ठेवत.

टालामागे जाड, पोकळ कटांग बांबूंची रास कायम असे. भुंगा लागू नये म्हणून अंधाऱ्या पाखात, म्हणजे वद्य पक्षात तोडलेली. गणपतीच्या मांडवासाठी पोरं हातापाया पडली, तरी तिच्यातला एक बांबू हलला नाही. "नदी जंगलातून येते, तिचा इलाजबी जंगलातूनच येते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आम्ही हसायचो आणि त्याच राशीवर पापड वाळवायचो.

जावई आला त्याच वर्षी, पावसाळ्यात एका दुपारी नदी गल्लीत शिरली. नावा दुसऱ्या वस्तीत अडकल्या होत्या. काकांनी रास मोकळी केली, नदीवरच्या मासेमार ढिवरांची माणसं दोर घेऊन धावली आणि बघता बघता तराफे बांधून झाले. कोण कोणाबरोबर बसणार, काकांना तोंडपाठ होतं. एकही तराफा कलंडला नाही. आपल्या आकड्यावरून विहीणबाईंसारखेच रुसलेले गल्लीतले सगळे निमूट बसले. मी तर थक्क झालो होतो. आमची अख्खी गल्ली या एका माणसाच्या वेडावर तरंगत उंचावरच्या शाळेकडे निघाली होती.

शेवटचा तराफा आम्हा नवराबायकोचा. काका छातीभर पाण्यात तो धरून उभे होते. मागे रास संपली होती.

"काका, तुमचे बांबू कुठी हायेत?" मी विचारलं.

त्यांनी राशीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. "मले मोजाचं राहूनच गेलं गा. घरी मोजणारं कोणी नाही."

मी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. "तुमी पाचाचे. माह्या आठातले घ्या," म्हटलं आणि तराफ्याची कड धरून पाण्यात उतरलो.

"चाराचा," काका म्हणाले. "मी आता लय हलका झालो." आणि वर चढून माझ्या बायकोशेजारी बसले.